आधी चित्रं, मग गाणं

कुसुमताई आमच्या धरमपेठेतली शेजारीण. शाळेत ड्रॉइंग शिकवायची, आता रिटायर. एवढी हुशार बाई, पण हट्टी! खरं सांगते, मले तिचा राग येते अन् तिच्यासाठी जीवही तुटते.

तिले आयुष्यात दोनच पुस्तकं लिहायची होती. एक जुन्या डच चित्रांची ओळख करून देणारं, दुसरं युरोपातल्या त्याच काळच्या गाण्याचं. बरोक म्हणतात त्याले. दोन्ही मराठीत, आपल्यासारख्यायले समजतील अशी.

आता आधी कोणतं? तिच्या घरच्या बायकायचे डोळे साठीत जातात. आईचे गेले, मावशीचे गेले. म्हणून हिनं ठरवलं, डोळे आहेत तोवर चित्रं, गाणं म्हातारपणी. "कान कुठं पळून जातात वं, शोभा? आंधळी झाली तरी ऐकीन. मी सांगीन, तू लिहून घेजो." मलेही ते पटलं होतं.

तिची रीत अशी, की स्वतः पाहिल्याशिवाय एक ओळ लिहायची नाही. ओट्यासमोरच्या भिंतीवर चित्र चिकटवायची अन् महिना महिना तेच पाहायची. अर्धं सोललेलं लिंबू, बाजूले मासा, काचेच्या पेल्यावर खिडकीचा उजेड. इकडं भाजी करपून राहिली अन् बाईचं ध्यान त्या लिंबात! मी म्हणायची, "अवं, दुसऱ्याच्या पुस्तकातून घे ना चार गोष्टी." तर म्हणे, "लोकायले उष्टं कायले वाढू?"

त्यात वर्षं गेली. पुस्तक निघालं, छान निघालं. साठी उलटली, सत्तरी आली. डोळे? अजून लख्ख! गेले ते कान.

पहिले कुकरची शिट्टी ऐकू येईना, मग दाराची बेल. डॉक्टरनं मशीन दिलं. त्यानं बोलणं समजते, पण गाण्याचा पार चिवडा होते. पहिल्याच दिवशी तिनं हौसेनं गाणं लावलं अन् अर्ध्यातच मशीन काढून ठेवलं. "कोणी भांडे घासून राहिलं असं वाटते," म्हणाली.

प्रकाशक म्हणे, दुसऱ्यायची पुस्तकं वाचून लिहा, कोणाले समजते? मीही तिच्यावर तेच ओरडली. ऐकते काय ती! रडली मात्र खूप. "डोळ्यायच्या भीतीनं मी कान वाया घालवले वं. ऐकू येत होतं तेव्हा ऐकलंच नाही."

परवा तिनं मले समोर बसवलं. तिच्या हातात कागद होता. त्यावर गाण्याचे शब्द, खाली मराठी अर्थ. मूल गमावलेल्या आईचं गाणं होतं. मोबाईलवर ते लावलं अन् म्हणाली, "तू ऐक. मी तुझ्या तोंडाकडे पाहते."

मी भजनवाली बाई. मले त्या भाषेतलं ओ की ठो कळत नाही. पण देव जाणे काय झालं, गाणारीचा आवाज एका जागी असा हळूच खाली उतरला, की माझे डोळे भरून आले.

कुसुमताईनं झटदिशी कागद पुढं केला. "इथं? का इथं? कोणत्या शब्दावर, शोभा?"

मी काय सांगू! गाणं तर पुढं निघून गेलं होतं. "पुन्हा लाव," म्हटलं.

तिनं पुन्हा लावलं अन् खुर्ची जवळ ओढून माझ्यावर नजर रोखून बसली. मी कागदावर बोट धरून वाट पाहून राहिली. पण दुसऱ्या वेळी मले काहीच झालं नाही.