भोंग्यावरच्या बाई

प्रचाराची गाडी तुमच्या दारावरून रोज गेली, तेव्हा तिच्यावर बोलणारी बाई कोण, हे तुमच्यापैकी एकाने तरी विचारलं का? नाही ना. खिडकी लावून घेतलीत आणि टीव्हीचा आवाज वाढवलात. मग आता ऐका.

त्या आमच्या शाळेतल्या बाई. बाजारामागची दोन खोल्यांची शाळा, तिथल्या. एका खोलीत सगळे वर्ग एकत्र बसतात. दुसरीचं छत गळतं, म्हणून तिथे मोडकी बाकं रचून ठेवलीत. बाई कंत्राटावर आहेत. सुट्टी लागली की त्यांची नोकरी संपते आणि शाळा उघडली की नवा कागद येतो. येतो किंवा येत नाही. नवरा परगावी गोदामात कामाला आहे आणि घरी सासू अंथरुणाला खिळलेली. त्यांचं दार माझ्या दारासमोर. माझी मुलगी त्यांच्याकडेच वाचायला शिकली. मी कोणाकडे शिकलो नाही. दुकानांच्या पाट्या बघत बघत अक्षरं जुळवली, त्यामुळे पाटीवर काय लिहिलंय आणि दुकानात काय मिळतं यातला फरक मला लवकर कळतो.

प्रचार सुरू झाला तेव्हा उमेदवाराने शिक्षणावर आपली भूमिका मांडली. एकही सरकारी शाळा बंद होणार नाही, प्रत्येक वर्गाला स्वतःचा शिक्षक मिळेल आणि कंत्राटी शिक्षक कायम होतील. त्याचा माणूस, ज्याला सगळे 'भाऊ' म्हणतात, बाईंकडे आला. गाडीसाठी बाईचा आवाज हवा होता. बाईंनी भूमिका वाचली आणि लगेच हो म्हणाल्या. पैसे घेतले नाहीत. मी म्हटलं, "बाई, फुकट कशाला?"

"दादा, माझंच तर आहे त्यात," त्या म्हणाल्या. त्या दिवशी त्या हसल्या होत्या, म्हणून लक्षात आहे.

रेकॉर्डिंगची खोली म्हणजे झेरॉक्सच्या दुकानामागची अडगळ. भिंतींना जुन्या गाद्या ठोकलेल्या. मीही सोबत गेलो होतो. बाईंनी कागद हातात घेतला आणि वर्गात श्रुतलेखन सांगतात तसं सुरू केलं. वाक्याचा तुकडा पाडायचा, तो दोनदा म्हणायचा आणि लिहायला पुरेल एवढं थांबायचं.

"अहो बाई," रेकॉर्डिंगवाला वैतागला, "लोक काय पाटी घेऊन उभे आहेत का रस्त्यावर?"

"राहू दे रे," भाऊ म्हणाला. "असंच डोक्यात बसतं."

प्रचार अर्ध्यावर आला आणि भाऊ पुन्हा आला. साहेबांची भूमिका जरा पुढे गेलीय म्हणाला, मधलं तेवढं बदलायचंय. बाई एकट्याच गेल्या. नव्या कागदावर होतं: प्रत्येक मुलाला मोठी शाळा, प्रयोगशाळा, संगणक, ने-आण करायला बस. आणि कमी पटाच्या शाळांचं मोठ्या शाळेत समायोजन. कायम करण्याची ओळ गेली होती.

समायोजन म्हणजे कुलूप. मी सरळ बोलतो.

उमेदवार वाईट माणूस नाही, हेही सांगतो. चौकातल्या सभेत मी उभा राहून ओरडलो, तेव्हा त्याने मला हाकलू दिलं नाही. शांतपणे म्हणाला, "काका, दोन खोल्यांत शिकून ही मुलं कुठे पोचणार? त्यांना प्रयोगशाळा नको?" हवी. मला तिथल्या तिथे उत्तर सुचलं नाही, आणि मला उत्तर सुचत नाही असं फार वेळा होत नाही. घरी आल्यावर सुचलं. आमच्या दोन खोल्यांचा पट कमी का झाला? छत गळतं म्हणून. छत का गळतं? पट कमी आहे म्हणून दुरुस्ती मंजूर होत नाही. पण तोवर सभा उठली होती.

बाईंना मी दारातच गाठलं. "वाचलंत?"

"वाचलं."

"स्वतःच्या तोंडाने स्वतःची शाळा बंद केलीत? जीभ तरी कशी रेटली तुमची?"

"समोर कागद होता, दादा," त्या म्हणाल्या. आवाज चढला नाही की डोळे भरले नाहीत. "भाऊ म्हणाला, मोठ्या शाळेत बघू तुमचं." मग सासूला कुशीवर वळवायचं होतं म्हणून आत गेल्या. मी उंबऱ्याबाहेर तसाच उभा. राग पुष्कळ होता, पण ठेवायचा कुठे ते कळेना.

त्यानंतर एका सकाळी मी शाळा बंद करू नये या अर्जावर पालकांच्या सह्या गोळा करत शाळेत गेलो आणि पायरीवर टेकलो. आत श्रुतलेखन चाललं होतं. मुलं पाट्या मांडीवर घेऊन वाकलेली. बाई सांगत होत्या, "वाऱ्याने... वाऱ्याने... फांदी हलली... फांदी हलली."

तेवढ्यात गाडी आली. ड्रायव्हरला शाळेच्या नळाचं पाणी प्यायचं होतं, म्हणून गेटाशीच थांबली. भोंगा चालूच. "कमी पटाच्या शाळांचं... कमी पटाच्या शाळांचं..."

बाई गप्प झाल्या. मुलं नाही थांबली. त्यांच्यासाठी काहीच बदललं नव्हतं. तोच आवाज, तेच तुकडे, लिहायला तेवढाच वेळ. सगळ्यांच्या पेन्सिली चालू. एक चिमुरडी मागे पडली, तर खिडकीकडे तोंड करून ओरडली, "बाई, हळू सांगा ना!"

भोंग्यावर तेच तेच फिरत होतं, त्यामुळे पुन्हा पहिल्यापासून सुरू झालं. चिमुरडीचं राहिलेलं पूर्ण झालं. ती खूश.

ड्रायव्हर पाणी पिऊन गेला. मुलं पाट्या घेऊन बाईंपुढे रांगेत उभी राहिली. पाट्यांवर वाऱ्याने फांदी हलली होती आणि तिच्याखाली शाळांचं समायोजन झालं होतं. मला वाटलं, आता या पुसतील किंवा ओरडतील, निदान रडतील तरी. बाईंनी खडू घेतला आणि एकेक पाटी तपासली. बरोबर, बरोबर, बरोबर.

वर्गाचा नियम आहे, कठीण शब्दाखाली रेघ मारायची आणि अर्थ विचारायचा. चिमुरडीने रेघ मारली होती. "बाई, समायोजन म्हणजे?"

"एकत्र करणं."

"कोणाला?"

"तुम्हाला. मोठ्या शाळेतल्या मुलांबरोबर."

"आणि तुम्हाला?"

बाईंनी फळा पुसायला घेतला. त्यावर काही लिहिलेलं नव्हतं.

मी पायरीवरून उठलो आणि सह्यांचा कागद खिशात घातला. त्या दिवशी मी कोणाशी भांडलो नाही. बायकोने विचारलं, बरं नाही का. मी म्हटलं, बरा आहे.

उमेदवार निवडून आला. गाडी थांबली, पण कानात तो आवाज तुकड्यातुकड्याने चालूच आहे. बाई रोज शाळेत जातात. गल्लीतून जाताना लोक त्यांना 'भोंगा' म्हणतात, त्यांना ऐकू येईल एवढ्या मोठ्याने. त्या वळून बघत नाहीत. बोलणाऱ्यांनो, त्यांनी एकदा कागद वाचला. तुम्ही तर मत देऊन आलात.

आता शाळेच्या दारावर नोटीस लागलीय. येत्या सोमवारी सकाळी सुनावणी आहे, त्याच वर्गात. शाळा राहावी की मोठ्या शाळेत मिसळावी, ते अधिकारी पालकांना विचारणार. खोली रिकामी दिसली की 'हरकत नाही' असं लिहून निघून जाणार. कंत्राटी माणसाला तिथे बोलायची परवानगी नाही. बाई फक्त दार उघडतील आणि बाजूला उभ्या राहतील.

तुम्हाला बस आणि प्रयोगशाळाच हवी असेल, तर तसं सांगा, मी वाद घालणार नाही. पण आपल्या तोंडाने सांगा. आणि छत का गळतं, तेही विचारा. सोमवारी कामाला अर्धा दिवस उशिरा जा. बाकं लहान आहेत, गुडघे दुखतील. तरी या आणि बसा.