चोवीस सेलचा एकच आकडा

रोह्याजवळच्या एका रिसॉर्टमध्ये पाहुण्यांना खोलीपर्यंत सोडणाऱ्या, बॅटरीवर चालणाऱ्या चार गोल्फ कार्ट आहेत. त्यांचं चार्जिंग आणि तपासणी माझ्याकडे. एका गाडीत सहा बॅटऱ्या, एका बॅटरीत चार सेल. दर सोमवारी चार्जिंग पूर्ण झालं की प्रत्येक सेलचं झाकण उघडायचं, काचेच्या पिचकारीत थोडं ॲसिड ओढायचं, आतली काडी किती वर तरंगते ते बघायचं आणि आकडा वहीत लिहायचा. चांगल्या सेलचं ॲसिड दाट असतं, काडी वर राहते आणि आकडा बाराशे सत्तरच्या आसपास येतो; काडी बुडाली तर सेल गेला.

हे काम मी दोन महिने केलंच नाही. चार्जरवर हिरवा दिवा लागला की वही उघडून गाडीमागे चोवीस वेळा बाराशे सत्तर लिहीत गेलो. ॲसिडने पँटला भोकं पडतात, वाकून पाठ दुखते, अशी कारणं होती. आज ती सांगतानाही लाज वाटते.

तीन नंबरची गाडी एक ताई चालवायची. पेणच्या खाडीकडची, मिठागरात राबलेल्या घरातली. एका दुपारी तिची गाडी चढावर बंद पडली आणि दोन वयस्कर पाहुण्यांना उन्हात चालत जावं लागलं. मॅनेजरने वही मागवली. वहीत सगळं उत्तम. म्हणजे दोष चालवणारीचा. उद्यापासून तिने गाडी सोडून बागेत काम करावं, असं ठरलं. मी शेजारीच उभा होतो. बोललो नाही.

तिने वहीचं पान नीट पाहिलं आणि वही परत दिली. साहेबांसमोर तीही गप्प राहिली. नंतर शेडमध्ये मला गाडीची चावी देताना मात्र म्हणाली, "दादा, आमच्या आगरात सगळ्या वाफ्यांत मीठ एका दिवशी नाय पिकत. तुमच्याकडं बरं पिकतं."

मी मान खाली घातली आणि गाडी चार्जिंगला लावली. सकाळी बागेत जाण्याआधी तिला बोलावून घेतलं. पिचकारी कशी बघायची ते सांगावं लागलं नाही. खारं पाणी किती दाट झालंय ते मिठागरात अशाच काडीने बघतात, म्हणे. पाचव्या बॅटरीच्या एका सेलमध्ये काडी जवळजवळ बुडालीच. चार्जरचा दिवा हिरवाच होता.

खरे आकडे लिहून मी वही मॅनेजरकडे नेली आणि आधीची पानं खोटी असल्याचं सांगितलं. त्यांनी मला सगळ्यांसमोर झापलं, लेखी माफी घेतली. ताईला गाडी त्याच दिवशी परत मिळाली.

आदल्या दिवशी ती साहेबांसमोरच बोलली असती, तर माझी नोकरी गेली असती आणि ते योग्यच झालं असतं. तिने मला स्वतः सांगायची संधी दिली. हे उपकार फेडता येण्यासारखे नाहीत.

आता तपासणी आम्ही दोघं करतो. पहिल्याच सोमवारी तिने पिचकारी स्वतःकडे घेतली. "वाचते मी, तुम्ही लिवा. पण मी वाचते तेच लिवा."