राबातला न भाजलेला कोपरा

माघ संपत आला होता. मी मागच्या पडवीत बसून उन्हाळ्यातल्या कामांची यादी करत होते. मिरच्या कधी भरायच्या, गाद्या कधी पिंजून घ्यायच्या, घरावरची कौलं कुणाकडून परतून घ्यायची. तेवढ्यात पुढच्या अंगणात बैलगाडी थांबली. कर्जतहून माईंच्या भावाचा गडी आला होता. तो पायरी चढला नाही. तुळशीपाशी उभा राहून, खाली बघत एवढंच म्हणाला, "वयनी, समद्यांच्या आंघोळीचं पानी ठेवा." आमच्याकडे कुणी गेल्याची बातमी अशीच येते. दादांना, म्हणजे माझ्या थोरल्या दिरांना, आदल्या दिवशी कर्जतला बोलावून घेतलं होतं, तेव्हा मनाची तयारी झाली नव्हती असं नाही. मी उठले, चुलाणं पेटवलं, हंडा चढवला. यादी तशीच पडवीत राहिली. वाऱ्यानं ती कुठं गेली, मी शोधली नाही.

माई माझ्या थोरल्या जाऊबाई. या खालापूरच्या घरात मी आले तेव्हा त्या इथं बऱ्याच रुळल्या होत्या. दादा पुण्याला नोकरीला, शनिवारी येत. मूलबाळ नव्हतं. घरातली कामं आम्ही पहिल्याच वर्षी वाटून घेतली. खरं तर मी वाटली आणि त्यांनी मान्य केली. कोठीची खोली, दूधदुभतं, आलंगेलं माझ्याकडे. बाग आणि पूजेची फुलं त्यांच्याकडे. फुलं आणायला गेलेल्या माई लवकर परत आल्या असं मला आठवत नाही. देव पाण्यात बसून राहत, सासूबाई देवघरातून हाका मारत, आणि माई परसात रामफळाच्या झाडाखाली मान वर करून उभ्या. "अगं यमू, हळू ये. शिंपी पाखरानं पान शिवायला घेतलंय," असं म्हणून मला हातानं थांबवायच्या. मी हातात ताकाची कळशी घेऊन उभी. "माई, दहा माणसं जेवायची आहेत." "जेवतील गं. पण हे पान उद्या शिवून झालेलं असेल."

थंडी ओसरायला लागली की त्यांना घरात करमत नसे. संक्रांत झाल्यापासून त्या कान लावून असत. तांबट पक्ष्याचा ठोक्यासारखा टुक टुक आवाज त्या वर्षी पहिल्यांदा आला की मला येऊन सांगत, "घाल तुझ्या यादीत. तांबट बोलला." मग पांगाऱ्यावर साळुंक्यांचं भांडण, कुंपणावर गळा लाल करून बसलेला सरडा, पाणंदीतून शेपूट फुगवून पळणारं मुंगूस. परसात भारद्वाज आला की सासूबाई हात जोडत, कारण तो शुभ. माई हात जोडत नसत. एकदा म्हणाल्या, "शुभ म्हणे! काल शिंप्याच्या घरट्यातली अंडी खाल्ली ती याच शुभानं." सासूबाई रागावल्या, पण हसूही आवरेना त्यांना. "तुझ्या जिभेला काही हाड?" एवढंच बोलल्या. त्या दोघींचं एकमेकींशिवाय चालत नसे, हे इथंच सांगून ठेवते, म्हणजे पुढचं वाचून कुणी सासूबाईंना नावं ठेवणार नाही.

गेल्या वर्षीच्या आधीच्या पावसाळ्यात माईंना खोकला लागला, तो सुटेना. दिवाळीत रुमालावर रक्त दिसलं. कर्जतच्या डॉक्टरांनी दादांना बाजूला घेऊन काय ते सांगितलं. त्यांची भांडी वेगळी झाली, ती मी रोज उकळून घेत असे. मुलांना त्यांच्या खाटेपाशी जायची बंदी मीच घातली. पौषात डॉक्टर म्हणाले, समुद्राची हवा लागू पडेल. दादांना रजा नव्हती, सासूबाईंना प्रवास झेपणार नव्हता. सामान बांधणं, भाडं ठरवणं, वेळेवर औषध देणं हे ज्याला जमतं त्यालाच पाठवायचं ठरलं. मी आणि माई अलिबागला एक खोली घेऊन महिनाभर राहिलो.

आम्ही दोघी डोंगराखालच्या. समुद्र मी लग्नानंतर एकदाच पाहिला होता, माईंनी कधीच नाही. डॉक्टरांनी चालण्याचं माप ठरवून दिलं होतं. ते माप रोज माईच मोडत. ओहोटी लागली की ओल्या वाळूवर यायच्या. खेकड्यांनी बिळाभोवती वाळूच्या बारीक गोळ्या मांडून ठेवलेल्या असत. त्या वाकून बघत आणि म्हणत, "यमू, तुझ्या दारातल्या रांगोळीपेक्षा नेटकी आहे हो!" लाट मागे सरली की मुठीएवढे करडे पक्षी तिच्यामागे धावत, वाळूत चोच खुपसत आणि लाट उलटली की तसेच पाय उचलत पळत सुटत. त्यांची नावं आम्हाला कुठून माहीत असणार! माईंनी त्यांना लगबगे म्हणायचं ठरवलं. "हे बघ, सगळे तुझ्यासारखे. एकाला म्हणून उसंत नाही." रोज मासळी घेऊन जाणाऱ्या एका कोळणीला त्यांनी विचारलं, हे इथलेच का? ती म्हणाली, "नाय गो बाय. थंडीत येतान, होळी झाली का जातान. कुठं जातान ते देवालाच ठाव." निघायच्या आदल्या संध्याकाळी किनाऱ्यावर लगबगे बरेच कमी दिसले. मी म्हटलं, भरती आहे, पलीकडे बसले असतील. माईंनी मान हलवली... वाद घातला नाही. वजन वाढेल असं डॉक्टर म्हणाले होते. ते वाढलं नव्हतं.

होळीच्या आधी आम्ही परत आलो. परसाच्या टोकाला गवताची झोपडी घालून माईंची खाट तिथं हलवली, म्हणजे मोकळी हवा मिळेल आणि घराला जपता येईल. झोपडीसमोर कुंपण, कुंपणापलीकडे आमचं राबाचं शेत. देशावरच्या वाचकांसाठी सांगते, राब म्हणजे भाताचं रोप टाकायची जागा. तिच्यावर शेण, वाळक्या फांद्या आणि पातेरा पसरून उन्हाळ्यात भाजतात. तण मरतं, रोप जोमानं येतं. भाजलं नाही तर त्या वर्षीच्या रोपाची खात्री नाही. आमच्याकडे हे काम धर्मा करतो. तो आमचं कूळ, त्याच्या बापापासूनचा.

त्या शेतात टिटवीनं अंडी घातली. घरटं असं नाहीच. ढेकळांत चार खडे गोळा केलेले आणि त्यात मातीच्याच रंगाची अंडी. माईंनी ती खाटेवरून हेरली. टिटवी कुठून उठते, कुठं उतरते आणि उतरल्यावर किती लांबून चालत येते हे बघत बघत जागा धरली. कुत्रं आलं, माणूस आलं की ती जोडी डोक्यावर घिरट्या घालून कलकलाट करी. दिवसा करी तसा रात्रीही करी. सासूबाईंच्या तोंडचं पाणी पळालं. टिटवी घराजवळ ओरडली की माणूस जातं, असं इथं सगळेच मानतात, पण सासूबाईंचं नुसतं मानणं नव्हतं. सासरे गेले तेव्हा ती ओरडली होती. पाठोपाठ नणंद गेली, तेव्हाही. आता घरात पोरीसारखी सून खोकत होती आणि कुंपणाला लागून ते पाखरू बसलं होतं.

त्यांनी धर्माला बोलावून घेतलं. "आजच्या आज राब भाज. ती बला तिथून घालव." धर्मा डोक्याचं मुंडासं सोडत म्हणाला, "भाजायचा तर हायच, आईसाहेब. पन थोरल्या वयनींनी कालच सांगितलंय का थांब म्हून. मी कुनाचं आयकू?" मग माझ्याकडे वळून, "तुमीच सांगा आता काय ते. पाऊस काय टिटवीला इचारून येनार हाय?" मी हिशेबी तोडगा काढला. सगळा राब भाजायचा, तेवढा कोपरा सोडायचा, भोवती ओली माती टाकायची. धर्माला पटलं. माईंना पटलं. सासूबाईंना पटलं नाही. त्यांना कोपऱ्याचं काय, ते ओरडणं नको होतं. संध्याकाळी त्या स्वतः काठी घेऊन कुंपणापर्यंत गेल्या. झोपडीतून माई म्हणाल्या, "सासूबाई, काठी टाका. मी गेले तर माझ्या छातीतल्या दुखण्यानं जाईन. त्या पाखराच्या माथी मारू नका." सासूबाई तिथंच कुंपणाला धरून रडायला लागल्या. "तुला कळत नाही गं... मी दोनदा ऐकलंय ते. तिसऱ्यांदा नाही ऐकवत."

दुसऱ्या दिवशी सकाळी माईंनी मला हाक मारली. आवाज अगदी नेहमीचा, जणू उद्याच्या भाजीचं विचारताहेत. "यमू, कर्जतला माझ्या भावाला निरोप धाड. मी माहेरी जाते काही दिवस." मला वाटलं, रुसल्या. मी समजावायला लागले. त्या म्हणाल्या, "अगं, नीट विचार कर. टिटवी आजाऱ्यासाठी ओरडते ना? आजारी माणूसच घरात नसलं तर तिचं ओरडणं कुणासाठी? सासूबाई निवांत झोपतील. धर्मा कोपरा सोडेल. पिल्लं चालायला लागली की मी परत येते. तू हिशेबाची बाई, तुला कळायला हवं." मला कळलं. सासूबाईंनाही कळलं, त्यांच्याच श्रद्धेच्या मापानं माईंनी तो मार्ग काढला होता, त्याला नाही कसं म्हणणार? त्यांनी सुनेच्या पदरात खोबरं-खडीसाखर बांधली, पाठीवरून हात फिरवला आणि "लवकर ये," म्हणाल्या. गाडी नदीच्या उताराला लागेपर्यंत माई मागं वळून शेताकडं बघत होत्या, घराकडं नव्हे. पाडवा चार दिवसांवर होता. सणाला घरची थोरली सून घरात नाही, असं या घरात पहिल्यांदाच झालं.

धर्मानं राब भाजला. कोपरा राहिला. काळ्याभोर राखेत ढेकळांचा तेवढा पिवळा तुकडा, आणि त्यावर टिटवी मान उंच करून बसलेली. सकाळचं दूध तापवून झालं की मी कुंपणापाशी जाऊन बघून येत असे. कुणाला तरी बघायला हवं होतं. चैत्र अर्धा झाला आणि एका सकाळी अंडी नव्हती. कवचांचे तुकडे होते. मी भोवती नजर फिरवली तर राखेतली तीन ढेकळं चालायला लागली. मी त्याच आठवड्यात कर्जतला गेले. माई माडीवर, खिडकीशी होत्या. खिडकीतून आगगाडीचे रूळ आणि इंजिनाचा धूर. मी बसायच्या आत त्यांनी विचारलं, "निघाली?" मी म्हटलं, "तीन निघाली. एक अंडं फुकट गेलं." "चालतात?" "चालतात काय, पळतात. तुमच्या लगबग्यांसारखी." त्या खूप हसल्या, मग खूप खोकल्या. मी पाठ चोळत बसले. पाठ म्हणजे नुसती हाडं राहिली होती.

अक्षयतृतीयेनंतर आणायचं ठरलं, तेव्हा ताप चढला. मग पाऊस लागला. पावसाळ्यात तशा माणसाला गाडीतून आणायचं कसं? दिवाळीत त्यांच्या भावानं पाठवायला नकार दिला आणि तो बरोबरच होता. परत येण्याची गोष्ट माईंनी पुढं काढली नाही. पुरेसं झालं असं त्यांना वाटत होतं की आम्हाला त्रास नको म्हणून, हे मला अजून ठरवता आलेलं नाही. माघ लागल्यावर मी शेवटची गेले. आवाज निघत नव्हता. मला जवळ वाकायला लावून म्हणाल्या, "तांबट... बोलला का गं?" मी म्हटलं, "अजून नाही." "बोलेल आता," त्या म्हणाल्या. डोळे मिटले. निजल्या आहेत असं वाटून मी गाडीची वेळ गाठायला उठले.

गडी निरोप घेऊन आला त्या दिवशी, आंघोळी झाल्यावर, ओल्या केसांनी आम्ही सगळ्या बसलो होतो. सासूबाई माझ्याकडे वळून म्हणाल्या, "अगं, पण ती तर ओरडली नाही." खरं होतं. त्या आठवड्यात शेतावर चिडीचूप होतं. कुणीच आम्हाला आधी काही सांगितलं नव्हतं. सासूबाई तेवढंच पुन्हा पुन्हा म्हणत राहिल्या.

फाल्गुनात धर्मा पातेरा पसरायला आला. कुंपणाशी उभा राहून म्हणाला, "धाकल्या वयनी, यंदा कोपरा सोडायचा ना?" मी शेतभर बघितलं. टिटवीचा पत्ता नव्हता. खडे गोळा केलेले नव्हते, काही नव्हतं. मी म्हटलं, "सोड." "पाखरू तर नाय दिसत." "तरी सोड." त्यानं ओल्या मातीची रेघ ओढली आणि बाकीच्या राबाला आग दिली.

आता चैत्र सरत आला. कोपरा अजून रिकामा आहे. दिवस कलला की सासूबाई आपला पाट उचलून मागच्या पायरीवर नेऊन ठेवतात आणि शेताकडं कान करून बसतात. माझी सांजवात झालेली असते, कामं रांगेत असतात. मी आतून हाक मारते, "सासूबाई, आत या, वारा सुटलाय." त्या हात वर करून मला गप्प करतात. "थांब गं जरा," म्हणतात, "ओरडेल आत्ता."