बेटावर जायला दोघं लागतात

नित्याच्या पिंडाला कावळा शिवला नाही.
का शिवला नाही, हे घाटावरच्या एवढ्या गर्दीत एकाच माणसाला माहीत होतं.

तो माणूस मी. आणि मी मूग गिळून उभा होतो.

त्याला जाऊन आज वर्ष झालं.

नितीन माझा डिप्लोमापासूनचा मित्र. मी शिरूरचा, तो दौंडकडचा, मधे भीमा. हॉस्टेलवर दोघांनी एकेक सेकंडहँड गेमचा डबा घेतला होता, हातात मावेल एवढा. गेम साधा. रानात हिंडायचं, चित्रविचित्र प्राणी पकडायचे, पाळायचे, पुढच्या गावाला जायचं.

बाकीची पोरं प्राण्यांच्या मागे लागली. नित्या त्या मुलखाच्याच प्रेमात पडला.

त्यानं सगळ्या मुलखाचा सातबारा आपल्या नावावर करून टाकला. चिमणीतून धूर निघणारं गाव म्हणजे त्याच्याकडचं साखर कारखान्याचं पाटस. मोठ्या रस्त्यावरचं बाजाराचं गाव म्हणजे वरवंड. मधली नदी अर्थातच भीमा. उत्तरेला बर्फाचा डोंगर होता, तिथं मात्र गडी अडला.
"ह्यो नगरकडं ढकलू," म्हणाला. "आपल्यात बसत न्हाई."

कुठल्या धबधब्यामागं वाट आहे, कुठल्या गवतात फक्त पावसातच प्राणी येतात, सगळं तोंडपाठ. इंजिनिअरिंग ड्रॉइंग मात्र दोघांचंही बॅक.

एकच जागा राहिली होती.

दक्षिणेच्या टोकाला समुद्रात एक बेट. धक्क्यावर उभं राहिलं की दिसायचं. पण होडी एकट्याला घेऊन सुटायचीच नाही. दोन डबे शेजारी ठेवून दोघांनी एकदम बटन दाबायचं, तरच.

माझा खेळ कायम मागे. मी त्या धक्क्यावर पोचेपर्यंत कॉलेज संपलं. मग मला शाळेत नोकरी लागली. मी 'सर' झालो.

नित्या रांजणगावला कंपनीत लागला. दर सणाला त्याचा फोन.
"सर, कवा येताय? होडी थांबलीय."
"अरे, वय काय आपलं? बघू दिवाळीत."

शेवटी शेवटी तो नुसता होडीचा इमोजी पाठवायचा. मी अंगठा द्यायचो.

मग एक दिवस कंपनीतून येताना हायवेला त्याची गाडी ट्रकखाली गेली.

दशक्रियेला पुढाऱ्यांची भाषणं झाली. मलाही माईक दिला. "एक मनमिळाऊ, कष्टाळू व्यक्तिमत्त्व हरपलं," असं मी बोललो. कुणाच्याही दहाव्याला चाललं असतं.

कावळे बाभळीवर बसून होते. एक खाली येईना.

नित्याच्या मामांनी हात जोडले. "आईला आमी सांभाळू." नाही.
"ऱ्हायलेली पाइपलाइन पुरी करू." नाही.

ऊन चढायला लागलं. तेवढ्यात नित्याची आई, आमची मावशी, गर्दीतून माझ्यापाशी आली.
"सर, तुमच्यापाशी बोलायचा तो. काय ऱ्हायलं आसंल त्याचं? सांगा की."

अगदी ओठावर आलं होतं. पण समोर सरपंच, शाळेच्या कमिटीतले, दोन-तीन पालक. एवढा घोडा झालेला सर, आणि पिंडापुढं हात जोडून गेममधल्या बेटाचं बोलणार?

"काही नाही, मावशी," मी म्हणालो.

गुरुजींनी दर्भाचा कावळा करून पिंडाला लावला. लोक जेवायला उठले. मीही बसलो. बुंदी परत मागून घेतली.

आज सकाळी वर्षश्राद्धाला वस्तीवर गेलो. मावशीनं मला बाजूला घेतलं.

"सर, तो कशावर रुसला व्हता ते कळलं मला. ते न्हावरे गावचं स्थळ मी मोडलं. त्याला पोरगी पसंत व्हती. म्हणून गेल्या महिन्यात गेले त्यांच्या दारात. पोरीच्या आईच्या पाया पडून आले."

मेल्याहून मेल्यासारखं झालं.

वर्षभर ही बाई स्वतःला खात होती. परक्या दारात जाऊन वाकली. आणि मला सगळं माहीत होतं.

मी सांगितलं. बेट, होडी, दोन डबे, माझे ते अंगठे, सगळं.

संपल्यावर ती म्हणाली,
"मंग त्या दिशी का न्हाई बोलला?"
"लाज वाटली."
"कुणाची?"



ती आत गेली आणि नित्याचा डबा घेऊन आली. चालू होता. नित्या लावायचा म्हणून तीही फोनबरोबर डबा चार्जिंगला लावते.
"तुमचा कुठंय?"
"शिरूरला. माळ्यावर."
"घिऊन या. मी हितंच हाय."

नदी ओलांडून गेलो, नदी ओलांडून आलो. माझा डबा पार मेलेला. नित्याच्याच चार्जरवर लावला.

भावकी अजून पडवीत बसलेली. सगळ्यांदेखत आम्ही सतरंजीवर शेजारी बसलो. मावशीचा अंगठा धरून बटनावर ठेवला.
"मी म्हणलं की दाबा."

होडी सुटली.

बेटावर काहीच नव्हतं. गवत, चार झाडं. पण वळून पाहिलं की सगळा मुलूख एका नजरेत दिसायचा. नदी, रस्ता, चिमणी, पार मागं बर्फाचा डोंगर.

मावशीनं चष्मा पुसला. "ह्यातलं त्याचं पाटस कंचं?"
मी दाखवलं. ती बघत बसली.

मग मला तिनं किती वर्षांनी नावानं हाक मारली.
"एवढंच मागत व्हता व्हय रं, महेश?"
"एवढंच, मावशी."

नित्या, हे इथं लिहितोय कारण माझ्या फ्रेंडलिस्टमध्ये सरपंच आहेत, कमिटी आहे, पालक आहेत. त्या दिवशी त्यांच्यासमोरच बोलायचं होतं.

तुझ्या आईला न्हावऱ्याला जावं लागलं, ते माझ्यामुळं. ते काही पुसलं जाणार नाही.

होडी सुटली रे. तुझ्या जागेवर तुझी आई होती.

येतो.