आर्डिसचा अगोड जॅम

आमच्या एल्स्टाड गावात कोणाच्या हातच्या पदार्थाला कोणी वाईट म्हणत नाही. उत्तर मिनेसोटातली आम्ही माणसं, आजे-पणजे नॉर्वेहून येताना थंडी आणि संकोच दोन्ही सोबत घेऊन आले. पदार्थ आवडला तर "बरंय की" म्हणायचं. फारच आवडला तर काही न बोलता दुसऱ्यांदा वाढून घ्यायचं. आणि घास घशाखाली उतरत नसेल तर तो गालात ठेवून म्हणायचं, "वेगळं आहे." हे दोन शब्द ज्या बाईच्या पदार्थाला लागले तिने काय ते समजावं आणि पुढच्या वेळी चर्चच्या जेवणाला नुसते कागदी रुमाल आणावेत. आर्डिस टॉलेफसन दुसऱ्यांच्या पदार्थांना हे शब्द अगदी सढळ हाताने वापरायची. तिच्या स्वतःच्या जॅमला ते लागले की मात्र तिला कौतुक वाटायचं. वेगळा म्हणजे काय, आहेच वेगळा.

दुसरी एक रीत सांगून ठेवतो, ती पुढे लागेल. कोणी काही खायला देऊ केलं की दोनदा नको म्हणायचं. यजमानाने तिसऱ्यांदा विचारायचं. मग घ्यायचं. पहिल्याच विचारण्याला हो म्हणणारा माणूस हावरट, आणि तिसऱ्यांदा न विचारणारा यजमान कंजूष.

आर्डिसचं सगळं आयुष्य शाळेच्या ग्रंथालयात पोरांना गप्प बसवण्यात गेलं. निवृत्त झाली आणि घरात गप्प बसवायला फक्त नवरा, हार्लन, उरला. तो मुळातच गप्प. बाईंना दिवस खायला उठला. अशात हार्लनच्या रक्तात साखर निघाली आणि आर्डिसचं भाग्य उजळलं. घरात पथ्य आलं, पथ्याबरोबर अधिकार आला, आणि अधिकाराबरोबर आला कमी साखरेचा जॅम.

हार्लन शाळेची बस चालवायचा. बाकी आयुष्यात त्याला फारसं काही जमलं नव्हतं. शेत विकलं होतं, गाता येत नव्हतं, चारचौघांत वाक्य पुरं करता येत नव्हतं. पण हिवाळ्यात रस्ता आणि शेत एकाच रंगाचे झालेले असताना तो बस अशी न्यायचा की मागची पोरं झोपून जायची. गावात लोक त्याला हात करायचे तो त्या पिवळ्या बसमुळे. डॉक्टरांनी सांगून ठेवलं होतं, साखर खाली आली नाही तर इन्सुलिनची सुई सुरू करावी लागेल. आणि बसच्या ठेकेदाराचा नियम सरळ होता, सुई सुरू झाली की किल्ल्या परत. म्हणून जॅम. निदान आर्डिस गावाला असंच सांगायची.

जून संपता संपता ती शेतावर जाऊन ओणवं होऊन स्वतः स्ट्रॉबेरी खुडायची. त्यात मात्र तिचा हात धरणारं कोणी नव्हतं. अर्धवट पांढरं फळ ती टोपलीत पडूच द्यायची नाही. घरी आणून देठ काढायचे, बटाटे कुस्करायच्या यंत्राने फळ ठेचायचं, रस आळवणारी पेक्टिनची पूड घालायची, थोडी साखर घालून ढवळत राहायचं आणि डब्यात भरायचं. शिजवणं नाही की काचेच्या बरण्या उकळणं नाही. डबे एक दिवस ओट्यावर ठेवायचे आणि मग तळघरातल्या त्या शवपेटीएवढ्या फ्रीझरमध्ये. कमी साखरेसाठी पेक्टिनची वेगळी पूड मिळते, तिच्या खोक्यावर कृती लिहिलेली असते, आणि त्या कृतीने केलेला जॅम चांगला लागतो. पण खोक्यावरच्या कृतीत आर्डिसचा त्याग कुठे दिसणार? त्या कमी साखरेतली निम्मी ती आणखी कमी करायची. साखरेच्या जागी सफरचंदाचा रस. त्यातून जे तयार व्हायचं ते वर गुलाबी पाणी आणि खाली रबराच्या गोळ्या असं असायचं.

डबे सगळे मार्गारिनचे, म्हणजे त्या स्वस्तातल्या नकली लोण्याचे, धुऊन ठेवलेले. प्रत्येकाच्या झाकणावर चिकटपट्टी, तिच्यावर ग्रंथालयातल्या त्या सरळ अक्षरात वर्ष आणि 'आर्डिस'. हे डबे ती गावभर वाटायची. समोरचा दोनदा नको म्हणायचा, ते मनापासून असायचं, पण ती तिसऱ्यांदा विचारायची आणि मग बिचाऱ्याला घ्यावाच लागायचा. हार्लनच्या टोस्टवर रोज सकाळी तीच हा जॅम लावून द्यायची. तो खायचा, "बरंय की" म्हणायचा आणि बस काढायला जायचा. स्वतः आर्डिस टोस्टला मध लावायची. तिची साखर उत्तम होती.

एवढं करून हार्लनची साखर वाढतच होती. दर तपासणीला आकडा वर. आर्डिसने आधी बटाट्यांना दोष दिला, मग हवामानाला, मग वारलेल्या सासूला. आणि दर तपासणीनंतर ती जॅममधली साखर आणखी थोडी कमी करायची.

सासूनंतर त्या घराण्यातली एकच बाई तिच्या तोंडी लागायला उरली होती, हार्लनची बहीण लव्हॉन. लव्हॉन चर्चच्या तळघरातल्या स्वयंपाकघराची मुख्य. ऑक्टोबरात सुगीचं जेवण होतं, आजूबाजूच्या गावांतून माणसं येतात, आणि लांब टेबलांवर ताज्या ब्रेडशेजारी वाट्यांमध्ये जॅम असतो तो लव्हॉनचा. लाल, दाट, चमचा उभा राहील असा. त्याला कोणी बरंय म्हणत नाही, सगळे गप्प बसून पुन्हा वाढून घेतात. आर्डिसने तो कधी चाखला नव्हता. त्यात भाऊ मारायचं विष आहे, असं ती म्हणायची. तिची एकच इच्छा होती, एकदा तरी त्या वाट्यांमध्ये आपला जॅम असावा. तोवर नणंदेला सुधारण्यासाठी ती दरवर्षी तिच्या दारात सर्वांत मोठं खोकं नेऊन ठेवायची. लव्हॉनही दोनदा नको म्हणायची आणि घ्यायची.

त्या वर्षी जुलैत वादळ आलं. सरळ रेषेत वारा सुटला आणि गावाबाहेरचे विजेचे खांब ओळीने आडवे करून गेला. वीज कधी येईल ते कोणी सांगेना. लोकांना काळजी कसली, तर फ्रीझरची. आमच्याकडे माणसाचं वर्ष फ्रीझरमध्ये असतं. हरणाचं मांस, तळ्यातले मासे, मका, सगळं. जनरेटर फक्त चर्चमध्ये होता, आणि मोठे फ्रीझरही तिथेच. पाळकबाईंनी घरोघर निरोप पाठवला, जे वितळेल ते घेऊन या.

सामान उतरवून घ्यायला अर्थात आर्डिस पुढे. एप्रन बांधून ती तळघराच्या जिन्याशी उभी राहिली. मांस इकडे, मासे तिकडे, रांगेत या. ग्रंथालयाचे दिवस परत आले होते. हार्लन खोकी उचलून आत नेत होता.

पहिला आला पलीकडच्या गल्लीतला सुतार. त्याच्या खोक्यात मांसाखाली मार्गारिनचे डबे होते. झाकणावर चिकटपट्टी, सरळ अक्षर, 'आर्डिस'. वर्ष तीन वर्षांपूर्वीचं. झाकण उघडलेलं नव्हतं. सुतार म्हणाला, खास पाहुण्यांसाठी ठेवलाय. आर्डिसला बरं वाटलं. मग पोस्टातली बाई आली. तिच्याकडे डब्यांची उतरंडच होती, तीही खास पाहुण्यांसाठी. मग चर्चचा पेटीवादक आला. मग हार्लनचे बूट दुरुस्त करणारा म्हातारा. प्रत्येकाच्या खोक्याच्या तळाशी तेच डबे, तीच चिकटपट्टी, आणि कधीच न उघडलेलं तेच झाकण. कोणी छताकडे बघत होतं, कोणी बुटांकडे. टेबलावर डब्यांची भिंत उभी राहिली. एल्स्टाडला खास पाहुणे एवढ्या वर्षांत आलेच नव्हते, हे आर्डिसला हळूहळू कळत गेलं. तिचे कान तापले. पाळकबाई शहरातून नव्याने आलेल्या, त्या म्हणाल्या की एवढं प्रेमाने कोणी जपून ठेवतं का. त्यामुळे तर आणखीच झालं.

शेवटी लव्हॉन आली. तिच्या खोक्यात मांस होतं, मासे होते. मार्गारिनचा एकही डबा नव्हता. उलट दुसऱ्या हातात पिशवी होती, आणि पिशवीत आर्डिसचे सगळे डबे रिकामे, धुतलेले, एकात एक बसवलेले.

आर्डिसच्या डोळ्यांत पाणी यायचं बाकी होतं. जिच्याबद्दल आयुष्यभर मनात अढी जपली तीच एकटी आपली निघाली. ती सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली, "बघून ठेवा. लव्हॉनने सगळा संपवला. चव कळायलाही घराणं लागतं."

लव्हॉन तिथेच थांबली. खोटं कौतुक पचवणं आमच्या लोकांना जमत नाही, खरंही जमत नाही, पण खोट्याने छातीत जळजळतं. तिने खोकं खाली ठेवलं.

"आर्डिस, मी तो खाल्ला नाही गं."

"मग केलंस काय त्याचं?"

"पातेल्यात ओतते. फळाइतकीच साखर घालते आणि आटवते. सुगीच्या जेवणाला ठेवते तो तोच."

दाराशी हार्लन खोकं घेऊन उभा होता. तो ना आत आला, ना बाहेर गेला.

"हार्लनला माहीत आहे?" आर्डिसने विचारलं.

"रोज बस लावली की येतो माझ्याकडे कॉफीला. मी जॅम-ब्रेड पुढे करते. तो दोनदा नको म्हणतो." लव्हॉनने स्कर्टला हात पुसले. "मग मी तिसऱ्यांदा विचारते. विचारावं तर लागतंच ना. सख्खा भाऊ आहे."

हार्लनने टोपी काढली, आत बघितलं आणि पुन्हा घातली.

आता इथे आर्डिसने काय म्हणायला हवं होतं, हे तुम्हालाही कळतं आणि मलाही. तिच्या नवऱ्याची साखर का उतरत नव्हती, ते भर तळघरात सगळ्या गावासमोर उघडं पडलं होतं. पण तिच्या तोंडून पहिला प्रश्न आला तो असा:

"म्हणजे त्या वाट्यांमधली स्ट्रॉबेरी माझी?"

"तुझीच. अशी फळं दुसरं कोण खुडतं?" लव्हॉन म्हणाली.

आणि बाईसाहेबांचा चेहरा, तुम्हाला खोटं वाटेल, फुलला. घरी जाताना हार्लन गाडी चालवत होता आणि ती मनातल्या मनात मागची सगळी सुगीची जेवणं पुन्हा जेवत होती, एकेक माणूस दुसऱ्यांदा वाढून घेताना आठवत होती. रोजच्या त्या जॅम-ब्रेडचं भान तिला घराच्या फाटकाशी आलं. तेव्हा तिने हार्लनला जे सुनावलं ते शेजाऱ्यांनी खिडक्या उघड्या ठेवून ऐकलं, कारण वीज नव्हती आणि दुसरं ऐकण्यासारखं काही नव्हतं.

उशीर झाला होता. ऑगस्टात तपासणी झाली, आकडा वर होता, डॉक्टरांनी सुई सुरू केली. हार्लनने बस धुतली, आतून पुसली, मागच्या बाकाखाली सापडलेला हातमोजा पुढच्या काचेशी ठेवला आणि ठेकेदाराला किल्ल्या दिल्या. दोनदा नको म्हणण्याची सोय तिथे नव्हती.

ऑक्टोबरात सुगीचं जेवण झालं. वाट्यांमध्ये तोच लाल, दाट जॅम. या वेळी आर्डिस टेबलाच्या टोकाशी एप्रन बांधून उभी होती आणि कोणी दुसऱ्यांदा वाढून घेतलं की हळूच सांगत होती, "स्ट्रॉबेरी माझी." लोक मान हलवत होते. जे हवं होतं ते सगळं तिला मिळालं होतं.

हार्लन अगदी कोपऱ्यातल्या टेबलाशी एकटा बसला होता. त्याच्या पुढ्यात काळी कॉफी होती. पूर्वी चार पोरं येऊन त्याची टोपी ओढायची, त्याला बर्फाबद्दल विचारायची. आता नवा ड्रायव्हर पलीकडे बसला होता आणि पोरं त्याच्याभोवती होती. हार्लन त्यांच्याकडे बघत नव्हता. बघायचं नाही म्हणून तो ज्या नेटाने कपाकडे बघत होता, ते आर्डिसला टेबलाच्या टोकावरून दिसलं.

ती स्वयंपाकघरात गेली. तिथल्या फ्रीझरमध्ये तिचा एक डबा अजून होता, जुलैच्या वादळात आलेल्यांपैकी. तो तिने ब्रेडच्या दोन तुकड्यांवर लावला, पाणी बाजूने ओघळलं ते पुसलं, आणि ताटली घेऊन त्याच्या समोर जाऊन बसली.

"घेतोस?"

"नको."

"थोडा घे."

"नको, राहू दे."

तिने तिसऱ्यांदा विचारलं. त्याने एक तुकडा उचलला, चावला, बराच वेळ चावला. इतक्या वर्षांत पहिल्यांदा त्याने बायकोच्या डोळ्यांत बघून सांगितलं.

"वेगळं आहे."

आर्डिसने दुसरा तुकडा उचलून तोंडात घातला. घास नुसता फिरत राहिला, रबराची गोळी दाताखाली आली. हे खाऊन हा माणूस रोज सकाळी बरंय म्हणून उठत होता, आणि आपण समोर बसून मध खात होतो, याची तिला मनापासून लाज वाटली. तिने तो घास गिळला. मग हार्लनच्या हातातला उरलेला तुकडा काढून घेतला आणि तोही खाल्ला.