सहीची बैठक

तीन चादरींपैकी दीड चादर पिळून झाली होती आणि उरलेली दीड बादलीत फुगून बसली होती. काकूंनी हातातलं टोक सोडलं, ओल्या हातांनीच दारात येऊन घड्याळ पाहिलं, परत मोरीत गेल्या, टोक उचललं, पुन्हा सोडलं. नऊ वीस. अकराला त्यांची सहीची बैठक होती. काल संध्याकाळपासून त्यांचं हे असंच चाललं होतं. धड उभं राहवत नव्हतं, धड बसवत नव्हतं.

"सूनबाई, त्याला सांग, गीझर चालू ठेवून आलाय," सासरे खुर्चीतून म्हणाले.

'तो', म्हणजे काकूंचा नवरा, दोन हातांच्या अंतरावर बसून मोजे चढवत होता.

"त्यांना सांग, बंद केलाय."

"बाबा, बंद केलाय म्हणतात."

"मग कालचं पाणी दुपारपर्यंत गरम कसं होतं म्हणावं?"

"अहो, बाबा विचारताहेत..."

"ऐकू आलं मला. कान शाबूत आहेत अजून."

"ऐकू आलं म्हणतात, बाबा."

अकरा वर्षं बापलेकांचं हे असं होतं. सासरे शिंपी. डोळे अधू झाल्यावर दुकान बंद केलं, पण शिलाई मशीन घरात आणून ठेवलं होतं. एके दिवशी ते दवाखान्यात गेलेले असताना मुलाने अडगळ म्हणून ते कुणाला तरी देऊन टाकलं. विचारलं नाही, सांगितलं नाही. त्या दिवसापासून म्हातारबाबांनी मुलाकडे तोंड करून एक वाक्य उच्चारलं नाही, आणि मुलगाही बापाचाच मुलगा. त्या दोन खांबांना ताणून बांधलेली दोरी म्हणजे काकू. घरातलं जे काही ओलं, ते त्यांच्यावरच वाळत पडायचं.

काकू हे नाव त्यांना वर्गाने दिलेलं. विवाह आणि कुटुंब समुपदेशनाचा दोन वर्षांचा पदव्युत्तर अभ्यासक्रम. वर्गात एकोणीस जण, त्यातले अठरा पंचविशीच्या आतले, आणि या सत्तेचाळीसच्या. लग्नाआधी मानसशास्त्राची पदवी घेऊन ठेवली होती, ती कपाटात कापूर घालून जपली. मुलगी नोकरीसाठी दूर गेली तसा अर्ज भरला. नवरा म्हणाला, "जमेल तुला?" सासरे म्हणाले, "घरचं झालं थोडं, अन् व्याह्यानं धाडलं घोडं." काकूंनी देवाचं नाव घेतलं आणि जाऊन बसल्या पहिल्या बाकावर.

पहिलं वर्ष सरळ गेलं. पुस्तकं त्यांना भराभर पचत. अडलं ते दुसऱ्या वर्षी, काचेपाशी. समुपदेशन केंद्रातल्या एका खोलीच्या भिंतीत मोठी काच होती. आतून आरसा, बाहेरून खिडकी. आत शिकाऊ समुपदेशक आणि आलेलं कुटुंब, बाहेर अंधारात मॅडम आणि वर्गातलं कुणीतरी. येणाऱ्यांना हे आधी सांगितलेलं असे, त्यांची लेखी संमती असे. चाळीस मिनिटांची बैठक पाहून मॅडमनी सही केली, की मग पुढे एकट्याने कुटुंबं घ्यायची परवानगी. तीन संधी. तिसऱ्यांदाही सही नाही मिळाली, तर वर्ष पुन्हा.

काकूंच्या दोन गेल्या होत्या. पहिल्या बैठकीत अकराव्या मिनिटालाच त्यांनी सल्ला दिला. दुसऱ्या बैठकीत समोरच्या बाईच्या आधी त्याच रडल्या. हे घरी त्यांनी सांगितलं नव्हतं. आणखी एक वर्ष मागायचं तर कुणाच्या तोंडाकडे बघून मागणार? आजची तिसरी.

चादरी तशाच टाकून त्या निघाल्या.

केंद्रात वर्गातली चष्मेवाली आधीच येऊन बसली होती. आज मॅडमबरोबर काचेमागे बसायची पाळी तिची होती. "काकू, हात का थरथरताहेत?"

"चादरी पिळल्यात गं."

"बरं. मग आत पिळू नका कुणाला."

आलेलं जोडपं पन्नाशीकडे झुकलेलं होतं. नवरा घड्याळजी, बायको परिचारिका. सात महिने एकमेकांशी बोलणं बंद. घरात चिठ्ठ्या चालत, त्याही फ्रिजच्या दारावर. खोलीत सकाळच्या कुठल्याशा सभेच्या खुर्च्या ओळीने मांडून ठेवलेल्या होत्या. घड्याळजी एका टोकाला बसले, बाई दुसऱ्या टोकाला, आणि काकू, विचारही न करता, मधे.

पहिली दहा मिनिटं झकास गेली. काकूंनी नीट विचारलं, नीट ऐकलं, सल्ला आला तसा गिळला. मग घड्याळजी समोरच्या भिंतीकडे पाहत म्हणाले, "हिला विचारा, रात्रपाळी कुणी मागून घेतली?"

काकूंची मान आपोआप वळली. "ते विचारताहेत, रात्रपाळी तुम्ही स्वतःहून मागितलीत का?"

"त्यांना सांगा, घरात जागून छताकडे बघण्यापेक्षा वॉर्डात जागलेलं बरं."

"त्या म्हणताहेत, घरी त्यांना झोप लागत नाही."

इथून पुढे काकूंना जी लय सापडली ती काय सांगावी! इकडचं तिकडे, तिकडचं इकडे, मधे थोडं पाणी घालून, थोडी साखर टाकून. महिनाभर छातीत अडकलेला दगड हलका झाला. आज जमतंय, अगदी सहज जमतंय, असं त्यांच्या मनात आलं.

"हिला घराची काडीची पर्वा नाही," घड्याळजी म्हणाले.

"त्यांना घरात तुमची उणीव भासते," काकू बाईंकडे वळून म्हणाल्या.

बाईंनी काकूंकडे नीट निरखून पाहिलं. "असं म्हणाले ते?"

"म्हणजे, त्यांच्या बोलण्याचा अर्थ..."

"मी इथंच बसलेय हो. मी ऐकलं ना, काय म्हणाले ते!"

आणि कोपऱ्यातला फोन वाजला. बैठक चालू असताना तो वाजला की पलीकडे मॅडम, हे सगळ्यांना ठाऊक. काकूंचे पाय तिथपर्यंत कसे गेले ते त्यांचं त्यांना माहीत.

"काकू, निरोप किती झाले?"

"निरोप?"

"ही माझ्या शेजारी बसून मोजतेय. चौदा. वेळ अजून आहे तुमच्याकडे. पुढे काय करायचं ते मी सांगणार नाही."

फोन ठेवला गेला. काकूंना कानात सकाळचं गीझरचं बोलणं ऐकू आलं. आपण इथे शिकायला आलो नव्हतो, घरचंच काम करायला आलो होतो, हे एकदम लखलखीत कळलं. वर्ष गेलं. ते तर गेलंच. आता निदान या दोघांचं वाया जाऊ नये.

त्या परत आल्या, पण बसल्या नाहीत. आपली खुर्ची धरली आणि ओढत भिंतीपाशी नेली. खुर्चीचा पाय फरशीवर असा किंचाळला की घड्याळजींनी दात आवळले.

"मघापासून मी निरोप नेत होते," काकू म्हणाल्या. "चव बदलून नेत होते. माझं चुकलं. आता नाही नेणार."

मधे रिकामी जागा राहिली. कुणी बोलेना.

शांतता म्हणजे काकूंचा जन्माचा वैरी. घरात कुणी गप्प झालं की त्यांना राहवायचं नाही. भांडं तरी आपटतील, हाक तरी मारतील. आता त्या हात मांडीखाली घालून बसल्या. पाय हलू लागला, तो दुसऱ्या पायाने दाबून धरला. मनात नामस्मरण सुरू केलं, ते तिसऱ्याच नामाला तुटलं. पाणी देऊ का, असं जिभेच्या टोकावर आलं. पंखा वाढवू का, आलं. देवा, यांच्यापैकी कुणाला तरी खोकला तरी येऊ दे!

"भिंतीवरचं घड्याळ मागे आहे," शेवटी घड्याळजी म्हणाले. कुणाला म्हणाले, ते कळलं नाही.

"सात महिन्यांनी तोंड उघडलंत," बाई सरळ त्यांच्याकडे वळल्या, "ते घड्याळासाठी?"

"तू तरी काय बोललीस? चिठ्ठी लिहितेस, 'दूध संपले'. मी काय दूधवाला आहे?"

"माझ्या आईचं वर्षश्राद्ध विसरलात तुम्ही! चिठ्ठीवर तेही लिहिलं होतं."

"ती चिठ्ठी पडली होती फ्रिजखाली! मला परवा सापडली!"

"मग परवा का नाही बोललात?"

"कसं बोलणार? काय तोंडाने बोलणार?"

भांडण पेटलं ते असं की काचेच्या मागेही नक्की पाठ ताठ झाली असेल. काकू दोनदा अर्ध्या उठल्या आणि दोनदा बसल्या. वेळ संपली तेव्हा ती दोघं भांडतच उठली, भांडतच दारातून गेली, जिन्यावरूनही आवाज येत राहिला. मुकाट आलेली माणसं भांडत गेली. काकूंनी पदराने कपाळ पुसलं. झालं, तिसरीही गेली.

मॅडम आत आल्या, ओळीतल्या एका खुर्चीवर बसल्या. "सही आज नाही."

"हो, मॅडम."

"पूर्ण ऐका. नाकारलेलंही नाही. त्या दोघांनी जाता जाता कचेरीत पुढच्या गुरुवारची वेळ मागितलीय, तुमच्याकडेच. ध्वनिमुद्रण आहे. ते ऐकून चौदाच्या चौदा निरोप लिहा. एका रकान्यात ते काय म्हणाले, दुसऱ्यात तुम्ही काय पोचवलंत, तिसऱ्यात ते का बदललंत. पुस्तकातलं कारण नको. सोमवारी तिसरा रकाना वाचून मी ठरवेन."

"आणि तो रकाना नीट नसला तर?"

"तर वर्ष पुन्हा," मॅडम म्हणाल्या. त्यांनी साखर घातली नाही.

संध्याकाळी काकूंनी स्वयंपाकाच्या ओट्यावरच वही उघडली. तीन रकाने आखले. आठवत होता तो पहिला निरोप लिहिला, दुसऱ्या रकान्यात आपलं वाक्य लिहिलं. तिसऱ्यात लेखणी टेकली आणि थांबली. उचलली. पुन्हा टेकली.

"सूनबाई, त्याला सांग, माझ्या गोळ्या उद्यापुरत्याच उरल्यात."

नवरा वर्तमानपत्र वाचत होता. काकू बोलल्या नाहीत.

"सूनबाई? ऐकतेस ना?"

"ऐकतेय, बाबा. तेही ऐकताहेत."

वर्तमानपत्र खाली आलं. दोघंही काकूंकडे बघत राहिले. नळाचा एक थेंब पडला, मग दुसरा. काकूंनी ओट्याची कड घट्ट धरली.

"हिला बरं नाहीये," म्हातारबाबा शेवटी म्हणाले, आणि म्हणाले ते मुलाकडे बघून. "कपाळ बघ जरा."

नवरा दचकला. बायकोकडे वळला. "काय म्हणतात गं ते?"

काकूंना हसू आलं, ते त्यांनी दातांखाली दाबलं. लेखणी उचलून तिसऱ्या रकान्यात एका दमात लिहिलं: 'मी पोचवलं नाही, तर मला या खोलीत काय काम उरेल, याची भीती वाटली.' वाचलं. खोडावंसं वाटलं. खोडलं नाही. नवरा उठून काकूंच्या कपाळाला हात लावून गेला, "ताप नाही," म्हणाला. नेमकं कुणाला म्हणाला, ते काकूंनी पाहिलं नाही.

तेरा उरले होते, आणि ते काही आठवणीतून यायचे नाहीत. मोबाईलवर घेतलेलं ध्वनिमुद्रण ऐकावंच लागणार. पण दोन खोल्यांच्या घरात दुसऱ्याच्या संसारातलं भांडण मोठ्याने लावायचं नव्हतं. केंद्रात तशी लेखी हमीच दिली होती. काकूंनी वही मिटली, चपला घातल्या, किल्ली घेतली. कोपऱ्यावरचा मोबाईलवाला आठला दुकान बंद करत असे. त्याच्याकडून इअरफोन आणायचे होते.