मोहदरीचा चढ आणि मूळचा गिअरबॉक्स

बाबांचा राग नाकावर आणि घाई पायांत. आम्ही तिघं कुठंही निघालो की ते पार पुढं जाऊन थांबायचे आणि वळून ओरडायचे, "अगं, किती वेळ लावतेस!" आई निऱ्या सावरत मागून पुटपुटायची, "जणू वाघच लागलाय पाठीमागे."

नाशिक रोडला स्कूटरच्या अपघातात त्यांचा डावा पाय गुडघ्याखाली गेला आणि बाबांचं ते ओरडणं घरातून नाहीसं झालं. नकली पायावर ते काठी टेकत चालायचे. आता पुढं जाऊन थांबायची पाळी आईची होती, आणि ती चकार शब्द न बोलता थांबायची. सिन्नरला सासुरवाडीला जाणं बाबांनी बंदच केलं, कारण एसटीत चढताना कुणी काखेत हात घातलेला त्यांना खपत नसे. माहेरच्या प्रत्येक कार्याला आई एकटी जायची आणि "ते नाही आले?" याला उत्तरं देऊन थकून परतायची.

नव्वदच्या दशकाच्या शेवटी बाबांनी कुठूनशी एक जुनी परदेशी गाडी मिळवली. तिला क्लच नव्हता, गिअर आपोआप पडायचे, म्हणजे एका पायाचं काम. इंजिन मात्र मेलेलं. सिन्नरला गॅरेज चालवणाऱ्या माझ्या मामाने खटपट करून तिला जीपचं डिझेल इंजिन बसवलं. इंजिन पहिल्यापेक्षा दांडगं, गिअरबॉक्स मूळचाच. तेव्हापासून बाबांचं एकच पालुपद: हा गिअरबॉक्स किती हॉर्सपॉवर झेलेल? दूधवाल्यालाही त्यांनी सोडलं नाही.

"दाजी, आकडा मला नाय सांगता यायचा," मामा म्हणाला. "सपाटीला कुठं बी फिरा. पण मोहदरीच्या चढाला जोरात पाय दाबला, तर इंजिन नुसतं बोंबलंल आन् गाडी सरकायची नाय. गिअरबॉक्सातलं तेल लय तापतं. तसं झालं तर थांबा, गार होऊ द्या, माणसं उतरवा आन् पाय हलका ठेवा."

पाय हलका ठेवा, हे बाबांना! आईला हसू आवरेना.

मामाच्या मुलीचं लग्न निघालं तेव्हा बाबांनी जाहीर केलं, "मी येणार. पण गाडी मी चालवणार." आईने बॉनेटला हळदकुंकू वाहिलं.

शिंदे-पळसे ही गावं मागे पडेपर्यंत बाबा चक्क गुणगुणत होते. मोहदरीचा घाट लागला आणि जुनी खोड वर आली. त्यांनी पाय दाबला. इंजिन किंचाळलं, गाडी रेंगाळली आणि जळक्या तेलाचा वास आला. आम्ही कडेला थांबलो. बाबांचा चेहरा इतका उतरला की मला बघवेना.

"नाही झेपत याला," ते म्हणाले. "तुम्ही एसटीला हात करा. मी जातो माघारी."

"आधी गार तर होऊ द्या," आई म्हणाली.

बऱ्याच वेळाने तिने आहेराची पिशवी उचलली, मला खाली उतरवलं आणि दार लावलं. "अहो, तुम्ही व्हा पुढं. आम्ही चालत येतो."

"एकटा?"

"मग काय! पुढं जायची सवयच आहे तुम्हाला."

गाडी इतकी हळू निघाली की थोडा वेळ आम्हीच तिच्या पुढं होतो. मग ती वळणाआड गेली. आई चढत होती, पण तिचं सगळं लक्ष त्या आवाजाकडे. आवाज एकसारखा येत होता, आणि एकदम थांबला. पोहोचले की बंद पडली, कळेना. आईने पदर खोचला आणि झपाझप चालू लागली. मला तिला गाठता येईना.

गाडी माथ्यावर उभी होती. बाबा बाहेर येऊन बॉनेटला टेकले होते, काठी आतच राहिली होती. आम्ही दिसताच ते ओरडले, "अगं, किती वेळ लावतेस!"

आई पिशवी टाकून रस्त्याच्या कडेला मटकन बसली आणि तोंडाला पदर लावून रडू लागली. बाबा घाबरून काठीशिवायच लंगडत खाली आले.

"काय झालं? पाय मुरगळला का?"

"काही नाही हो," ती म्हणाली. "परत एकदा ओरडा."